पवित्र हाडाशेजारचे दोन दिवे

७ सप्टेंबर १९९३, मंगळवार

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सुल्मीराला सांगितलं, "पाठ कधी दुखते, कधी थांबते, ते रोज दोन ओळी लिहीत जा." माझ्या लेकीला लोकरीच्या ढिगात हात घालून डोळे मिटून सांगता येतं की ही मेंढीच्या मानेची आणि ही पोटाची. पण पेन हातात धरलं की तिच्या बोटांना मुंग्या येतात. म्हणून हे काम माझ्याकडे आलं. मी शाळेत जेमतेम तीन वर्षं गेलो. पुढचं सगळं वाचन गाद्या भरताना खाली अंथरलेल्या जुन्या वर्तमानपत्रांतून झालं. एका बातमीचं शेपूट नेहमी गादीखाली राहायचं. त्यामुळे अर्धवट गोष्टी पुऱ्या करायची खोड मला लागली आहे, आणि दोन ओळींत माझं भागेल असं वाटत नाही.

तर लिहितो. सुल्मीरा, वय सत्तावीस. दोन वर्षं कंबर दुखते. कंबरही नाही, त्याच्या खाली, बसतो तिथे, कधी डावीकडे, कधी उजवीकडे. एक्स-रे स्वच्छ. एक्स-रे स्वच्छ आला की लोक माणसाला मळका, कामचुकार म्हणतात. तिच्या मेंढ्या-कातरणीच्या टोळीचा मुकादम तोंडावर म्हणाला, "पोरी, मेंढ्या थांबत नाहीत. ऑक्टोबरात निघायचं. येणार की नाही ते आधी सांग."

पोर मात्र गुणाची. कोंबडं आरवायच्या आधी उठते, अंगणात फेऱ्या घालते आणि मी उठेपर्यंत मातेचं, आमच्या कडू पाल्याच्या पेयाचं, पाणी अगदी हवं तितकं तापवून थर्मासात भरून ठेवते. उकळू देत नाही, एकदाही नाही. मी शेजारी एतेल्विनाबाईंना सांगितलं, बापासाठी इतक्या पहाटे उठणारी मुलगी आख्ख्या ताकुआरेम्बोत दाखवा. त्या म्हणाल्या, "शेजारी, तुमची दृष्ट लागेल तिला."

९ सप्टेंबर, गुरुवार

दोष गादीचाच. मला शंका होतीच. रविवारी पाऊस होता म्हणून ती दिवसभर पडून राहिली, तर सोमवारी मोजे घालायला वाकता येईना. मंगळवारी माझ्याबरोबर दिवसभर लोकर पिंजली, तर संध्याकाळी शीळ घालत होती. म्हणजे जितकी गादीवर जास्त, तितकं दुखणं जास्त. पन्नास वर्षं लोकांच्या पाठी सुखात ठेवल्या आणि घरच्याच पाठीला माझी गादी चावते! आज खोळ उसवली, लोकर कमी केली, टाके घट्ट घातले. फळीसारखी कडक झाली आहे.

१२ सप्टेंबर, रविवार

कडक गादीने जास्तच दुखलं. पुन्हा उसवली. मऊ केली.

सुल्मीरा म्हणाली, "बाबा, त्या गादीची पाठ दुखायला लागली असेल आता."

२४ सप्टेंबर, शुक्रवार

डॉक्टरीणबाईंनी तिला सांध्यांच्या डॉक्टरांकडे धाडलं. हे डॉक्टर बेरुत्ती एका शुक्रवाराआड राजधानीहून इथे येतात. त्यांनी तिला पालथी पाडून कमरेच्या दोन्ही बाजूंना अंगठे दाबले. ती ओरडली. मग म्हणाले, "एक्स-रेत दिसायला उशीर लागतो. राजधानीत मोंतेविदेओला जा, हाडांचं सेन्तेशोग्रामा काढून या." आणि रक्त तपासायला द्यायला सांगून, चिठ्ठी लिहून पुढच्या माणसाला हाक मारली.

सेन्तेशा म्हणजे आमच्याकडे वीज पडते तिची ठिणगी. गुरांवर पडते, निलगिरीच्या झाडावर पडते. आणि आमच्या गावात ज्याचं ज्याचं हे ठिणगीचित्र काढलं, त्याच्या घरी वर्षाच्या आत काळे कपडे शिवावे लागले. माझ्या बायकोचं, हेर्मिनियाचं काढलं होतं, बारा वर्षांपूर्वी. सुल्मीरा तेव्हा पंधराची. आम्ही तिला मावशीकडे ठेवलं होतं, तिला काही सांगितलं नव्हतं. देवाची कृपा, तिला तो शब्द ठाऊक नाही.

एतेल्विनाबाई पावसाच्या निमित्ताने तोर्ता फ्रीतांची, म्हणजे तळलेल्या जाड पुऱ्यांची, थाळी घेऊन आल्या. मी ओट्यापाशी हळूच सांगितलं. बाईंच्या हातातला चिमटा खाली पडला. "सेन्तेशोग्रामा? अगं आई! शेजारी, ते तर..." मी ओठांवर बोट ठेवलं. आतून सुल्मीराचा आवाज आला, "काय पडलं?" बाई म्हणाल्या, "चिमटा गं! म्हातारपण, दुसरं काय!"

२९ सप्टेंबर, बुधवार. मोंतेविदेओ

इथे तीन तास बसायचं आहे, तेव्हा लिहूनच घेतो.

बस पहाटेची. अर्ध्या वाटेवरच्या दुरास्नोपर्यंत सुल्मीरा बसली, मग उठून उभी राहिली ती शेवटपर्यंत. कंडक्टर म्हणाला, "ताई, सीटवर काटे आहेत का?" ती म्हणाली, "सीटवर नाहीत, माझ्यात आहेत." दोघं हसले. मी खिडकीबाहेर बघितलं.

इस्पितळातलं हे खातं तळघरात आहे. नोएमी नावाची मुलगी सुई देते, गोरी, चष्म्याची, बोलकी. मला पहिल्याच वाक्यात आजोबा करून टाकलं. "आजोबा, हे औषध रक्तातून हाडांत जाऊन बसतं. जिथे हाडाचं काम जोरात चाललंय तिथे जास्त बसतं. मग कॅमेरा ते कुठे बसलंय ते बघतो. कॅमेरा किरणबिरण काही सोडत नाही हं, नुसता बघतो. ठिणगी तिच्याच आत." मग सुल्मीराला म्हणाली, "आता तीन तास भरपूर पी आणि सारखी लघवीला जा. मूत्राशय भरलेलं राहिलं तर तेच चकाकतं आणि मागची हाडं झाकून टाकतं."

भरपूर पी म्हटल्यावर आमच्यात काय पितात? माझ्या काखेत थर्मास होताच. काखेत कळसा आणि गावाला वळसा असं मी होऊ देत नाही. मी तुंब्यात माते भरलं, पहिलं मी घेतलं, दुसरं सुल्मीराला दिलं, मग सगळ्यांनी एकाच नळीने प्यायच्या रीतीप्रमाणे तुंबा पुढे सरकवला. खोलीत आणखी तिघं होती, तिघांनाही सुई दिलेली. एक जाड खाटीक होता, तो हात पुढे करून थबकला. "माफ करा. या ताईंच्या आत ठिणगी आहे. त्याच नळीने मी प्यायलो तर?"

कोपऱ्यातली बाई म्हणाली, "आणि तुमच्या आत काय आहे? पवित्र पाणी? आपण चौघंही एकाच शेगडीवरची मक्याची कणसं आहोत!"

खाटकाने विचार केला. "खरंच की," म्हणाला आणि नळी तोंडात घातली. मग सगळे इतके हसले की नोएमी बघायला आली. खाटकाने तिलाच विचारलं, नळीने काही होतं का? ती म्हणाली, "काही होत नाही हो, ठिणगी हाडांत जाते, उरलेली लघवीवाटे बाहेर. पण घरी गेल्यावर आज लहान पोरांना मांडीवर घेऊ नका." तुंब्याला मात्र तिने हात लावला नाही, ड्यूटीवर आहे म्हणाली. मला वाटतं भ्यायलीच.

त्या हसण्यात माझी भीती मी दोन घोट विसरलो. देवाने सोबत चांगली दिली.

त्याच दिवशी, संध्याकाळी, बसस्थानकावर

टेबल अरुंद आणि दगडासारखं. त्यावर तिला अर्धा तास न हलता पडायचं होतं. वर जात्याएवढा गोल कॅमेरा, अंगाला न लागता अगदी जवळ. मला काचेपलीकडे उभं राहू दिलं. तिचे ओठ दाबलेले दिसत होते. पडून राहणं म्हणजे तिला शिक्षाच.

पडदा काळा. त्यावर ठिपके पडायला लागले, चाळणीतून पीठ गळावं तसे. हळूहळू त्यातून कणा उमटला, माझ्या लेकीचा कणा, मणी मोजता येतील असा. मग खाली, कमरेच्या तळाशी, दोन्हीकडे दोन जागा उजळत गेल्या. बाकी हाडं राखाडी, आणि त्या दोन पांढऱ्याशुभ्र.

हेर्मिनियाचं चित्र मला आठवलं. बरगड्या, कणा, मांडी, सगळीकडे दिवेच दिवे, रानावर काजवे उतरावेत तसे. मला आधी ते सुंदर वाटलं होतं. मग डॉक्टरांनी सांगितलं, प्रत्येक दिवा म्हणजे एक गाठ.

मी नोएमीला विचारलं, "ते उजळलंय ते काय आहे?"

"ते पवित्र हाडाचे सांधे, आजोबा. कमरेच्या तळाचं ते त्रिकोणी हाड, त्याला तसंच म्हणतात."

"पण इतकं का उजळलंय?"

"ते डॉक्टर सांगतील. मला सांगायची परवानगी नाही." आणि ती चष्मा पुसायला लागली.

चष्मा पुसणारा माणूस मला कळतो. सुरुवात दोनच दिव्यांनी होत असावी.

सुल्मीरा बाहेर आली. "काय दिसलं, बाबा?"

"तुझी हाडं सरळ आहेत," मी म्हणालो. "आईवर गेलीस."

माझा थर्मास तिने आपल्या काखेत घेतला.

४ ऑक्टोबर, सोमवार

चित्र परस्पर डॉक्टरांकडे जाणार. शुक्रवारपर्यंत वाट बघायची.

आज हेर्मिनियाच्या गादीची लोकर काढली. बारा वर्षं पेटाऱ्यात होती, तमालपत्रांत घालून ठेवलेली. तिच्या माहेरच्या मेंढ्यांची. असली लोकर आता मिळत नाही, आता सगळे फोमच्या गाद्या घेतात. मी धुतली, वाळत घातली. माझ्या लेकीला आता जितके दिवस पडून राहायचं असेल, तितके तिने यावर पडावं.

सुल्मीराने दारातून पाहिलं. "आईची लोकर का काढलीस?"

"कसर लागेल म्हणून."

"बारा वर्षांत लागली नाही ती आता लागणार?"

"कसरीचं काय सांगावं!"

तिने बाह्या वर केल्या. "सरक. तुझ्या हाताने पिंजलीस तर नाताळ येईल." दुपारभर आम्ही समोरासमोर उभे राहून बोटांनी लोकर मोकळी केली. ती तिच्या आईचं गाणं गुणगुणत होती. नोंद: दुपारी दुखलं नाही. काम केलं की दुखत नाही, हे मी आधीही लिहिलंय. माझ्या सोबतीने बरं वाटत असावं.

एतेल्विनाबाई रोज मेणबत्ती लावतात. आज मला म्हणाल्या, "शेजारी, रडायचं असेल तर माझ्या परसात येऊन रडा, तिथे कोंबड्यांशिवाय कुणी नसतं." मी गेलो नाही. पण त्यांनी परस देऊ केलं हे विसरणार नाही.

८ ऑक्टोबर, शुक्रवार



डॉक्टर बेरुत्तींनी चित्र खिडकीच्या काचेला लावलं. दोन दिवे. मी खुर्चीची पाठ धरली.

"छान!" डॉक्टर म्हणाले.

माझ्या मनात आलं, या माणसाला माणुसकी नाही. तेवढ्यात शेजारून सुल्मीराचा आवाज आला, शांत, स्वच्छ: "म्हणजे माझ्या आईसारखं नाही?"

मी तिच्याकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही. म्हणजे तिला ठाऊक होतं. पंधराव्या वर्षापासून ठाऊक होतं. बसमध्ये उभी होती तेव्हा, माझी लोकर पिंजत होती तेव्हा, सगळा वेळ.

डॉक्टरांनी आईचं विचारलं, तिने सांगितलं. डॉक्टर खुर्ची ओढून बसले आणि मग घाई केली नाही. म्हणाले, "नाही. मुळीच नाही. ते दुखणं वाटेल तिथे फुटतं, एकीकडे असतं, एकीकडे नसतं. हे बघ, दोनच जागा, दोन्ही बाजूंना सारख्या. हे सांधे सगळ्यांचेच थोडे उजळतात. माझेही उजळतील. म्हणून मधल्या हाडाशी ताडून मोजतात. तुझे खूप जास्त आले. ही सूज आहे, गाठ नव्हे. नुसत्या चित्रावर मी शपथ घेतली नसती, पण तुझी कहाणी आणि रक्त दोन्ही तेच सांगतात." मग विचारलं, "सकाळी कसं असतं?"

"सकाळी वाईट. पहाटे साडेतीन-चारनंतर पडवतच नाही. मग उठते, अंगणात चालते. हालचाल केली की सुटतं." आणि जरा थांबून, "बाबासाठी पाणी ठेवते, तेवढंच निमित्त."

तेवढंच निमित्त.

डॉक्टर मला म्हणाले, "तुम्ही काय करता?" मी म्हणालो, गाद्या करतो, आणि हिची चार वेळा उसवली. ते मोठ्याने हसले. "गादी सोडा हो! गादी निर्दोष आहे. या दुखण्याला झोपणंच मानवत नाही. हिला विश्रांती देऊ नका. चालू द्या, पोहू द्या, ताणू द्या. गोळ्या रोज, जेवणानंतर, पोट सांभाळून. हे मुळापासून जाणार नाही, ते मी खोटं सांगणार नाही. पण याने मरत नाहीत, आणि वाकलेलं राहायचं की सरळ, ते पुष्कळसं हिच्या हातात आहे."

"आणि कातरणी?" तिने विचारलं.

"तिथे बसून काम की उभ्याने?"

"उभ्याने. टेबलाभोवती फिरत."

"मग जा की! गोळ्या विसरू नकोस, आणि पोतं उचलायला दुसऱ्याला बोलाव."

बाहेर पायरीवर आम्ही दोघं बसलो. मी म्हणालो, "तुला आईचं ठाऊक होतं तर बोललीस का नाहीस?"

"तू बोललास?"

"तुला भीती वाटू नये म्हणून."

"मग मलाही तेच की, बाबा." आणि एकदम हसायला लागली, डोळ्यांतून पाणी काढत. "आईची लोकर काय, कसर काय! तुला नाटक येत नाही रे."

घरी आलो तर एतेल्विनाबाई फाटकात. मी लांबूनच ओरडलो, "सूज! नुसती सूज!" रस्त्यावरचे लोक बघत होते. सुजेचा एवढा आनंद झालेला माणूस त्यांनी पाहिला नसेल.

रात्री तोच विचार येत राहिला. पवित्र हाड, आणि त्याच्या दोन्ही अंगांना दोन दिवे. वेदीच्या दोन बाजूंना मेणबत्त्या असतात त्या कुणी मेल्यावरच लावतात असं थोडंच आहे! रोजच्या प्रार्थनेलाही लावतात.

१४ ऑक्टोबर, गुरुवार

ती रोज जमिनीवर चटई टाकून हातपाय ताणते. एतेल्विनाबाई बघायला येतात आणि शेवटी स्वतः करायला जाऊन अडकतात. काल त्यांना उठवायला आम्ही दोघं लागलो.

मुकादमाला निरोप पाठवला. तेवीस तारखेला निघायचं.

त्या दगडी टेबलाचं माझ्या मनातून जात नव्हतं. किती दुखरी माणसं त्यावर निजत असतील. पोस्टातून फोन लावला. नोएमी म्हणाली, "कुठले आजोबा? मातेवाले? काय निकाल?" मी सांगितलं. ती म्हणाली, "मला तेव्हाच वाटलं होतं, पण बोलता येत नव्हतं. तुमचा चेहरा बघवेना, म्हणून चष्मा पुसत बसले." मी म्हणालो, टेबलासाठी पातळशी लोकरीची गादी करून पाठवू का? ती आत विचारून आली. "पाठवा, पण अगदी पातळ. आणि धातूची बटणं नकोत हं, ती चित्रात दिसतील."

बटणं नाहीत. नुसते दोऱ्याचे टाके, दाभणाने, वीतभर अंतरावर. हेर्मिनियाच्या लोकरीतल्या दोन मुठी उरल्या होत्या, त्याही त्यात घातल्या. तिच्या चित्राच्या वेळी टेबल तसंच असणार. तेव्हा मला सुचलं नव्हतं.

१९ ऑक्टोबर, मंगळवार

आज उठलो तर घर गप्प. अंगणात पावलं नाहीत. थर्मास थंड, टोपण उघडं, कालचं तसंच.

तिच्या दाराशी जाऊन कान लावला. घोरत होती. बारीक, तिच्या आईसारखं. उजेड खिडकीतून पार भिंतीपर्यंत आलेला आणि ही आईच्या लोकरीवर कुशीवर झोपलेली, एक हात गादीबाहेर लोंबत.

स्वयंपाकघरात आलो, किटली चुलीवर ठेवली. गेल्या दोन वर्षांत मी पाणी तापवलं नव्हतं. किती वेळ लागतो, आवाज कधी बदलतो, हे हात विसरले होते. खुर्चीवर बसलो आणि त्या घोरण्याकडे कान देत राहिलो. किटलीने शिट्टी घातली तेव्हा कळलं की पाणी खळाखळा उकळलंय.

उकळत्या पाण्याचं माते आमच्याकडे कुत्र्यालाही देत नाहीत. पाला करपतो, कडूजहर होतं. मी तेच भरलं, एकट्याने, फाटकाशी उभा राहून. एतेल्विनाबाईंनी कुंपणावरून वास घेतला. "शेजारी, पाणी उकळलंत की काय? सुल्मीरा कुठेय?"

"झोपली आहे."

"अजून? आठ वाजले!"

"अजून," मी म्हणालो, आणि तुंबा शेवटपर्यंत संपवला.